लाल कप्प्यातली अंडी

भिकूने अंडं टॉर्चवर धरलं आणि सावकाश फिरवलं. आतली पिवळसर सावली एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकली. कवचाला तडा नव्हता. त्याने ते निळ्या कप्प्यात ठेवलं आणि दुसरं उचललं. त्यावर कोळशाची रेघ होती. ते लाल कप्प्यात गेलं.

त्याच्या मागे टेबलाभोवती नाते गावच्या शाळेची सातवीतली तीस पोरं दाटीवाटीने उभी होती. विज्ञान दिन होता, म्हणून महाडच्या कॉलेजाने प्राणीशास्त्राची प्रयोगशाळा सकाळपुरती सगळ्यांना खुली केली होती. एरवी दारावर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पाटी असते. ती पाटी पुसायचं कामही भिकूचंच.

"अंड्याला तेहतीस तास ऊब दिली की पिवळ्यावर एक पट्टी दिसते," इथे पीएच.डी. करणारी निशा पोरांना सांगत होती. "तिच्या दोन कडा वर उचलतात आणि मध्ये येऊन मिटतात. चटईची वळकटी करतो ना, तशी. झाली नळी. पुढे तिचाच मेंदू होतो, तिचाच पाठीतला मज्जारज्जू. तुमच्या-माझ्यात पण आधी अशी नळीच झाली होती."

"आन मिटली नाय तर?" मागून एकाने विचारलं.

"तर पाठ उघडी राहते."

मग तिने कवचाला केलेली नखाएवढी खिडकी दाखवली. निळ्या कप्प्यातल्या अंड्यांत मिठाच्या पाण्याचा थेंब, लाल कप्प्यातल्या अंड्यांत रसायनाचा. रंगाच्या कारखान्यांत वापरतात तसलं रसायन. निळ्यातल्या शंभरात चार नळ्या उघड्या राहिल्या, लाल कप्प्यातल्या शंभरात एकतीस. पोरांनी हूं केलं. त्यांना आकडा समजला होता.

दोन वेण्या घातलेली एक मुलगी पुढे सरकली. "मॅडम, कुठलं अंडं कुठल्या कप्प्यात जाणार, ते कोण ठरवतं?"

निशाने एकदा लाल कप्प्याकडे पाहिलं.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "ते डोळे झाकून वाटायचं असतं. समजा, मी कमजोर अंडी सगळी रसायनाकडे टाकली. मग नळी रसायनाने उघडी राहिली, की अंडंच कमजोर होतं, ते कळणार कसं? सगळी मेहनत फुकट."

भिकूच्या हातात रेघेचं तिसरं अंडं होतं. त्याने ते कुठल्याच कप्प्यात ठेवलं नाही. टेबलावर फडक्याची चुंबळ करून तिच्यावर ठेवलं आणि हात मागे घेतला.

बावीस वर्षं तो या खोलीत होता. भिकू, अंडी आण. भिकू, बेडूक आण. भिकू, फिनेल मार. बावीस वर्षांत चार विभागप्रमुख झाले, दोन डझन पोरापोरींनी इथून डिग्र्या नेल्या, आणि एकाच्याही तोंडातून 'का' हा शब्द भिकूसाठी कधी निघाला नाही. आज तो निघाला, तोही भिकूसाठी नव्हे, शाळेच्या पोरांसाठी. त्याने तो पाठमोरा उभा राहून ऐकला.

जुलैमध्ये निशाने त्याला एवढंच सांगितलं होतं, "काका, निम्मी निळ्यात लावा, निम्मी लालमध्ये. कुठलीपण." पहिल्या खेपेची दोन निळी अंडी तिने एकवीस दिवस ठेवली होती. त्यातून पिल्लं निघाली, टेबलावर पळाली, भिकू ती खोक्यात घालून घरी घेऊन गेला. लाल कप्प्यातून जे निघालं ते बाटलीत गेलं. मग घर चालवणारा कुठला शहाणा माणूस चांगलं अंडं लाल कप्प्यात घालील? विष घालून मारायचंच असेल तर रेघेचं घाला. भिकू तसंच करत आला होता. आपण तिची चार चांगली अंडी वाचवतोय, असंच तो समजत होता.

पोरं गेल्यावर विभागप्रमुख सर पेढे घेऊन आले. निशाचा लेख गेल्या आठवड्यात परदेशातल्या मासिकाने घेतला होता. त्या जोरावर तिला बेंगळुरूच्या मोठ्या संस्थेत जागा मिळणार होती. तिच्या आणि भिकूच्या बौद्धवाडीतून तिथवर पोचलेली ती पहिलीच. तिची आई ललिता आठवडाभर वाडीत सांगत फिरत होती, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायची, "आमचे भिकू भावजी हायत ना तिथं, त्यांचा हात लागलाय त्याला."

भिकूने पेढा खिशात टाकला.

रविवारी तो एसटीने पोलादपूरला गेला आणि तिथून चालत वर उमरठच्या बाजूला. अंडी बयाबाईकडून येत. तिच्या पडवीत पंचवीस-तीस गावठी कोंबड्या होत्या.

"काय रे भिकू, आज कसा? तू मंगळवारचा ना येतोस?"

"अंडी नको बयाबाय. इचारायचं हाय. रेघेची अंडी मला डझनात किती देतेस?"

"मोजते का मी? चार, पाच. कधी सा." तिने पदराने तोंड पुसलं. "ती तांबडी कोंबडी मेली खुडूक होऊन बसते. मी खाली अंडी ठेवते, रेघ मारून, म्हणजे दुसरीनं त्यात घातलेलं कळतं. ही एक रात बसते नि सकाळी उठून चालली गाव फिरायला. अंडी पडली थंड. मग काय, त्यांची पूजा घालू? तुमच्याकडं फोडायचीच हायत ना?"

"दुसरीच्या खाली घातलीस तर निघतात का पिल्लं?"

"निघतात थोडी. त्यात निम्मी लुळी." ती हसली. "का रे? तुझ्या सायबाला खायची हायत का?"

भिकू हसला नाही. तिने पाणी हवं का विचारलं आणि तांब्या पायरीवर आणून ठेवला. अंड्यांची टोपलीही ती अशीच पायरीवर ठेवते. हातात दिलेली त्याला एकदाही आठवत नव्हती. पाणी न पिताच तो उतरणीला लागला.

खाली येईपर्यंत त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. आपण गप्प बसलो तर हे जगात कोणालाच कळणार नाही. शिपायाला कोण विचारतं?

सोमवारी तो अर्धा तास आधी गेला. निशा बेसिनपाशी बारीक कात्र्या धूत होती. आजूबाजूला कोणी असलं की तो तिला मॅडम म्हणायचा. आज कोणी नव्हतं.

"बाय, रेघेची अंडी मी लाल कप्प्यात घालत होतो," तो म्हणाला. "जुलैपासून. सगळी. ती कोंबडीनं बसून सोडलेली असतात. बयाबायला इचारून आलो काल. त्यांची पिल्लं आपसूकच लुळी निघतात."

निशाने नळ बंद केला. वळली नाही.

"तू परवा त्या पोरांना बोललीस ते ऐकलं मी. म्हणून सांगतोय."

"मला माहीत आहे, काका."

भिकूला वाटलं, आपण ते ऐकलं हे तिला माहीत होतं, असं ती म्हणतेय. पण ती संगणकापाशी गेली आणि तिने फोटो उघडले. बाहेर भिंतीवर लावलेल्या तक्त्यात हेच फोटो गोल कापलेले होते. नुसती खिडकी आणि आतली पट्टी. इथे अख्खं अंडं दिसत होतं. खिडकीच्या बाजूला काळी रेघ. पुढच्या फोटोत रेघ. त्याच्या पुढच्यात रेघ.

"नऊ डिसेंबरला फोटो लावत बसले होते," ती म्हणाली. "लालमध्ये निम्म्याहून जास्त अंड्यांवर रेघा, निळ्यात एक पण नाय. तेव्हाच समजलं."

"आन मग फोटो कापलेस?"

तिने तो फोटो बंद केला.

"मग डिसेंबरनंतर लावलेली अंडी?"

"मोजलीच नाहीत. लावते, आणि तेहतीस तासांनी टाकून देते. सरांना दिसायला पाहिजे ना, काम चालू आहे ते."

"टाकून देतेस," भिकू म्हणाला. आठवड्याला दोन डझन. त्याच्या डोळ्यांपुढे त्या सगळ्या टोपल्या आल्या. उन्हातून, एसटीतून, मांडीवर धरून आणलेल्या.

"लेख डिसेंबरात गेला नसता तर बेंगळुरू गेलं असतं, काका. परत पहिल्यापासून करायला सहा महिने लागतात. आणि ते रसायन वाईट आहेच. मला वाटतं, आहेच ते वाईट."

"वाटतं?"

भिकूने एवढंच विचारलं. निशाने मान खाली घातली.

तो स्टुलावर बसला. राग त्याला उशिरा यायचा, पण आला की आवाज चढत नसे, उलट बसायचा. "मला पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं गो? त्या पोरांना सांगितलंस. दोन तर वाक्यं होती. सातवीतल्या पोरीला समजली."

"मला वाटलं, तुम्हाला..."

 वाक्य पुरं करायची गरज नव्हती. चारही साहेबांनी असं वागणं भिकूने गृहीतच धरलं होतं. ही त्याच्या वाडीतली होती. हिच्या बारशाला त्याने पाट धुतले होते.



"वही दे," भिकू म्हणाला.

"कुठली?"

"जिच्यात खोडायचं नसतं ती."

प्रयोगाच्या वहीत खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून खाली सही करायची, हे त्याने बावीस वर्षं बघितलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी बघून समजलं होतं. निशाने वही पुढे केली. त्याने तिच्याकडूनच पेन घेतलं आणि सातवीपर्यंत गिरवलेल्या अक्षरात, सावकाश, ओळ सरळ ठेवत लिहिलं:

'रेघेची अंडी मी निवडून लाल कप्प्यात घातली. जुलैपासून. सर्व. असं करायचं नसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भिकू सखाराम, प्रयोगशाळा परिचर.'

निशाने ते वाचलं. 'कोणी सांगितलं नव्हतं' या शब्दांपाशी तिचे डोळे खिळले. तिने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा वहीकडे. ते पान निघू शकलं असतं. पानांवर क्रमांक छापलेले होते, एक गेलं की कळतं, पण महाडात वह्या शिवून देणारे काय कमी आहेत?

तिने पेन घेतलं.

'मला हे ९ डिसेंबरपासून माहीत होतं.' खाली पूर्ण नाव आणि सही.

"हे कशाला लिवलंस?" भिकू म्हणाला. "माझं वर हाय ना. तेवढ्यावर भागलं असतं तुझं."

"भागलं असतं," निशा म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात सरांच्या चपला वाजल्या. केबिनचं कुलूप उघडलं, पंखा सुरू झाला. निशाने वही छातीशी धरली आणि उठली. भिकूही उठला.

"तुम्ही कशाला येताय, काका? मी बोलते ना त्यांच्याशी."

"तू बोल की."

तो तिच्या पुढे झाला. एरवी तो केबिनच्या दारावर टकटक करून बाहेर थांबायचा, हाक आली की आत जायचा. आज टकटक केली आणि सरळ आत गेला. सर काहीतरी वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. टेबलासमोर पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या होत्या. भिकूने त्या रोज सकाळी पुसल्या होत्या, बावीस वर्षं.

त्यातल्या एका खुर्चीवर तो बसला, आणि दुसरी निशासाठी मागे ओढली.