पुतळीशी कोणी बोलायचं नाही

नमिताने कात्री ब्लाउजच्या बाहीत सरकवली आणि खांद्यापर्यंत एका दमात कापत नेली. कापड रक्ताने कातडीला चिकटलं होतं. सलाइन ओतलं की ते सुटत होतं, आणि सुटलं तिथे खालचं सोललेलं अंग दिसत होतं. टेबलावरची बाई कण्हतही नव्हती. डोकं कपाळापासून कानामागपर्यंत फुटलेलं, वरचा ओठ मधोमध चिरलेला, आणि मनगटात हिरव्या बांगड्यांच्या काचा रुतलेल्या. कोणीतरी तो हात टाचेखाली घेऊन रगडला असावा.

"नाव काय बाई तुमचं?" डॉक्टरांनी सुई चिमट्यात धरत विचारलं.

बाई छताकडे बघत राहिली.

"ऐकू येतंय का? नाव सांगा, नाव."

नाव नमिताला ठाऊक होतं. ही पुतळी. पेणच्या खाडीकडच्या तिच्याच गावची, तिच्याच आळीतली. हिच्या कडेवर बसून नमिताने पहिल्यांदा मिठागरं पाहिली होती. पण तिने मान वर केली नाही. चिमट्याने एकेक काच उपसून ती ट्रेमध्ये टाकत गेली.

दोन वर्षांपूर्वी पुतळीचा नवरा महिपती ग्रामपंचायतीला गावकीच्या उमेदवाराविरुद्ध उभा राहिला आणि गावकीने ते घर वाळीत टाकलं. दुकानदाराने जिन्नस द्यायचे नाहीत, विहिरीवर घागर लावू द्यायची नाही, आणि कोणी बोलायचं नाही. जो बोलेल तोही बाहेर. पंचांत नमिताचे वडील पुंडलिक होते. सुट्टीत घरी गेली की नमिताही इतरांसारखीच पुतळीच्या दारावरून मान खाली घालून जायची. सवय अशी असते की ती पेणहून निघून रोह्याच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या कपड्यांतही सोबत येते.

महिपतीने बायकोला टेम्पोत घालून पेणचा दवाखाना मुद्दाम मागे टाकला होता. तिथे गावची माणसं असतात. वडखळ, गडब, नागोठणं करत रोह्याला आला, आणि अपघात विभागाच्या दारात पुंडलिकाची मुलगी बघून जागीच थबकला. टेम्पो परत फिरवावा की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं होतं.

"धर इथे," डॉक्टर म्हणाले. नमिताने दोन बोटांनी जखमेच्या कडा जुळवून धरल्या. तिची बोटं हलत नसत. "बघा मेट्रनबाई, हे असे हात मुंबईवाले पळवणार, आणि आम्ही इथे बोंबलत बसणार."

दारात मेट्रनबाई उभ्या होत्या. "तेच विचारायला आले. नमिता, उद्या दुपारी नर्सिंग कॉलेजचा फोन आहे. एमएस्सीच्या दोनच जागा उरल्यात, एक सर्जिकलची, एक मनोरुग्णांची. सर्जिकलच सांगू ना?"

"हो," नमिता म्हणाली.

दुसरं काही सांगण्याचा प्रश्नच नव्हता. बीएस्सीला असताना तिची ड्यूटी मनोरुग्णालयात लागली होती. तिथे एका बाईजवळ ती सकाळभर उभी राहिली, चादर बदलली, केस विंचरले, नखं कापली. पण बोलावं काय ते सुचेना. शिकवणाऱ्या बाईंनी येऊन पाहिलं आणि विचारलं, "पलंग छान केलास. आणि ही?" त्यानंतर नमिताने ठरवूनच टाकलं होतं. जखम बरी. जखम धुवावी, शिवावी, बांधावी. तिच्याशी बोलावं लागत नाही.

टाके झाले तरी पुतळीने तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, तळव्यावर टोचून पाहिलं. पाय मागे घेतला, पण आवाज नाही.

"मेंदूला मार दिसतोय. वाचा गेलीय. मुंबईलाच पाठवू," डॉक्टर म्हणाले.

कोपऱ्यात बाबाजी हवालदार कागद घेऊन बसले होते. "मग जबाब कसा घेऊ साहेब?"

"स्थितीत नाही, असं लिहा."

"नवऱ्याने तर एकाचंही नाव नाय दिलं."

"कुठनं देनार?" महिपती भिंतीला टेकूनच म्हणाला. त्याच्या कानांत, भुवयांत चिखल सुकला होता. "माजं तोंड चिखलात दाबून दोघं पाठीवर बसलेले. तिनं बघितलंय सगलं. तिलाच इचारा."

मग तो एकदम भडाभडा सांगू लागला. चैत्राची जत्रा. गावदेवीची पालखी सकाळी घरोघर फिरते. यांचं दार सोडून पुढे जाते. पुतळी आज उपाशी होती. अंगण सारवलं, निरंजन लावलं, आणि पालखी दारावरून निघाली तशी सुपात ओटी घेऊन मधे जाऊन उभी राहिली. म्हणाली, तुम्ही बोलू नका, पण आईला तर माझं बोलणं ऐकू दे.

"वटीतला नारल उचलला आनि तिच्याच डोक्यात फोडला," महिपती म्हणाला. "पडली तशी काठ्यांनी. पायांनी. मी वरडत होतो तर तोंडात चिखल. आनि ढोल थांबला नाय हवालदार. ढोल वाजतच होता."

नमिताच्या हातातली पट्टीची गुंडाळी सुटून फरशीवर लांब गेली. आज तिचाही उपास होता, त्याच देवीचा. तिने वाकून पट्टी गोळा केली, घाण झाली म्हणून टाकून दिली, आणि ड्रेसिंगच्या खोलीत नवी आणायला गेली.

तिथे तिचा भाऊ बसला होता.

"ताई, हात बघ जरा." निकेशच्या केसांत गुलाल होता आणि अंगावर रोह्यातल्या कंपनीचा निळा शर्ट. उजव्या मुठीला रुमाल गुंडाळलेला. "टेम्पोच्या दारात आला. दुपारच्या शिफ्टला जायचंय, पटकन बांधून दे."

तिने रुमाल सोडला. मधल्या बोटाच्या पेरावर आडवी चीर, कडा फाटलेल्या, आसपास सूज. तिने हात बेसिनवर धरला, सलाइन सोडलं, चिमट्याने कड उचलली. आत काहीतरी पांढरं खरखरलं. तिने ते ओढून काढलं. ट्रेमध्ये पडताना टण्ण वाजलं.

"काय गो ते? हाड?"

"हाड नाही."

दोघांनीही ट्रेमध्ये पाहिलं. तांदळाच्या कणीएवढा तुकडा, एका बाजूने गुळगुळीत.

निकेशने आवाज उतरवला. "ती हितंच हाय ना? बोललीस तिच्याशी?"

"नाय."

"बोलू नको. बापूस पंच हाय. उद्या आयशीला इहिरीवर कोन उभी करनार नाय."

"एवढी माणसं होती, निकेश. तुझाच हात कशाला पुढे गेला?"

"सगल्यांचेच गेले. मी काय येकटाच?" तो हसला. "म्हातारीला मस्ती आली. वाळीतली बाई देवीची वटी भरते. देवीला बाटवायला निघाली."

"देवी कुठे होती तेव्हा?"

"कुटं म्हंजे? खांद्यावर. माज्याच खांद्यावर होती. डावा हात दांड्याला, उजवा मोकला."

नमिताने ब्रश घेतला आणि ती जखम धुवू लागली. चिरेच्या आतून, खालपर्यंत, पुन्हा पुन्हा. निकेश ओरडला, हात ओढू लागला. तिने मनगट कोपराखाली दाबून धरलं आणि घासत राहिली. बेसिनमध्ये लाल पाणी फिरत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ती थांबली.

"मारतेस काय गो? शिव आता लवकर."

"शिवायची नसते. उघडीच ठेवायची." तिने धनुर्वाताचं इंजेक्शन भरलं आणि त्याच्या दंडात खुपसलं. "दाताची जखम शिवली की आत सडते."

तिने पट्टी बांधली, ट्रे उचलला आणि ती निघाली.

बाहेर अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. डॉक्टर टेबलाशी उभ्याउभ्याच चिठ्ठी लिहीत होते. बाबाजींनी पेनाला टोपण लावलं होतं. पुतळीला खाटेवर घेतलं होतं, आणि पट्ट्यांमधून तिचे डोळे तेवढे छताला लागलेले दिसत होते.

नमिता खाटेजवळ गेली. दोन वर्षं पुतळीचं नाव तिने तोंडाने घेतलं नव्हतं.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

डोळे हलले नाहीत. हे तर इथे कोणीही कोणालाही विचारतं.

"काकी," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "पुतळीकाकी. मी नमी. पुंडलिकाची नमी. काकी, माझ्याकडे बघ गो."

डोळे आधी छतावरून सुटले, मग हळूहळू तिच्याकडे वळले. शिवलेला ओठ थरथरला. टाक्याशी रक्ताचा थेंब आला.

"गप गो," पुतळी म्हणाली. आवाज फाटका होता, पण शब्द न् शब्द कळत होता. "नको बोलू माज्याशी. ऐकंल कोनी. तुज्या आयशीला भायेर टाकतील."

डॉक्टरांचं पेन थांबलं. बाबाजींची खुर्ची करकरली. महिपती भिंतीवरून घसरत खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

नमिताने ट्रे बाबाजींच्या कागदावर ठेवला.

"हा दाताचा तुकडा आत्ता माझ्या भावाच्या मुठीतनं निघालाय. काकीच्या दाताला जुळवून बघा. भाऊ दारात उभा आहे."

निकेश तीन ढांगांत आत आला. बांधलेल्या मुठीनेच त्याने तिच्या तोंडावर मारलं. टोपी उडाली, ती औषधांच्या गाडीवर आपटली, बाटल्या फुटल्या. "भाऊ म्हनतेस? घर बुडवलंस भवाने!" त्याने तिचे केस धरून डोकं गाडीच्या पत्र्यावर आपटलं, परत आपटलं. बाबाजी आणि ड्रायव्हर मिळून त्याला ओढू लागले तेव्हा तो लाथा झाडत होता, आणि स्वच्छ धुतलेल्या त्याच्या जखमेचं रक्त पांढऱ्या पट्टीवर पसरत होतं. ओढत नेताना तो आईचं नाव घेऊन ओरडत होता. आयशीला काय सांगू, आयशीला काय सांगू.

नमिता उठली. तोंडातलं रक्त बेसिनमध्ये थुंकली. कोपऱ्यातलं स्टूल ओढून ती पुतळीच्या उशाशी बसली. ड्यूटीवर सिस्टर कधी बसत नाहीत. पण मेट्रनबाई दारात होत्या आणि त्यांनी तिला उठवलं नाही.

"टाकू दे बाहेर," नमिता म्हणाली. "तू बोल."

पुतळीने तिच्या सुजत चाललेल्या गालाकडे बराच वेळ पाहिलं.

"तुजापन उपास असंल आज," ती म्हणाली. "सोडलास का गो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नमिता स्टँडवर केळी घ्यायला गेली तर पेणच्या गाडीतून गावची मालू उतरली. शाळेपासूनची मैत्रीण. नमिताने हात वर केला. मालूने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ती मान फिरवून समोरून निघून गेली. केळीवाल्याने दोनदा हाक मारली तेव्हा नमिताचा हात खाली आला.

पुतळीला मुंबईला पाठवायची गरज उरली नव्हती. ती पहाटेपासून बोलत होती. ओठ हलवू नका, टाका सुटेल, असं डॉक्टर बजावून गेले; ती ओठ न हलवता बोलू लागली. पावसात पडलेली गोठ्याची भिंत, नारळाएवढं अंडं घातलं अशी महिपतीला थाप मारली होती ती कोंबडी, स्वतःचाच आवाज ऐकावा म्हणून तिने चुलीशी केलेली भांडणं. आळीत कोणाच्या घरी पाळणा हलला हे तिला भिंतीआडून रडणं ऐकून कळायचं. पोराचं नाव मात्र कळायचं नाही. बाबाजी दोनदा येऊन कागद भरून घेऊन गेले. मारणाऱ्यांची नावं अशीच कोंबड्यांच्या आणि भिंतीच्या मधूनमधून येत राहिली. निकेशचं नाव घेताना ती थांबली नाही. पुंडलिकाचं आलं तेव्हा मात्र तिने एकदा नमिताकडे बघून घेतलं. ढोलवाल्याला थांबू नको म्हणून खूण त्याने केली होती.

नमिताने तेही ऐकलं. ड्रेसिंगचा ट्रे झाकलेला तसाच बाजूला होता.

दुपारी मेट्रनबाई लगबगीने आल्या. "कॉलेजचा फोन आलाय. रिसीव्हर बाजूला ठेवून आलेय. सर्जिकल, नक्की ना?"

पुतळी वाक्याच्या मधोमध होती. नमिताने तिच्यावरची नजर न काढता नकारार्थी मान हलवली.

"अगं, मग उरलेली ती दुसरीच जागा आहे. तिथे तुला..."

"तीच सांगा."

मेट्रनबाईंनी तिच्या काळ्यानिळ्या गालाकडे पाहिलं. तिकडे खोलीत रिसीव्हरमधून कोणी तरी हॅलो, हॅलो करत होतं.

पुतळी थांबली होती. "कोन गो ती? काय म्हनते?"

"काय नाय काकी," नमिता म्हणाली. "मंग ती भिंत पडली. पुढे?"