सोनेरी पट्टीची फ्रेम

बस. तुझ्या फ्रेमचा गोंद ओला आहे, अर्धा तास तरी हात लावता यायचा नाही. तू त्या गावाला कामाला चाललास म्हणालास, म्हणून तुला एक गोष्ट सांगतो. सगळ्यांना सांगत नाही. चहा आधी संपव, घोट घेत ऐकायची गोष्ट नाही ती.

दुकान बापाचं. शाळेचं आणि माझं पटलं नाही. चौथीत मास्तरांनी बापाला बोलावून सांगितलं, याला घेऊन जा, आम्ही दोघंही दमलोय. तेव्हापासून मी फ्रेमा करतो. लग्नाचे फोटो, बाळांचे, पोरांची सर्टिफिकिटं आणि गेलेल्यांचे. गेलेल्या माणसाचा फोटो बाकावर आला की मी रेडिओ बंद करतो. बापाची सवय, माझ्या हाताला लागली. काच बसली, मागचा पुठ्ठा ठोकला, की परत चालू. एवढं ध्यानात ठेव.

आमच्याकडे पाळणा हलला नाही. नाताळला आम्ही दोघं केकचे दोन तुकडे करायचो आणि टीव्ही बघत झोपायचो. मग एका वर्षी बायकोने कुठूनतरी ऐकलं, दुसऱ्या देशातली पोरं वर्षभर इथे शिकायला येतात, इथली तिकडे जातात, आणि कुणाच्यातरी घरी घरच्यासारखी राहतात. ती शाळेत जाऊन आमचं नाव देऊन आली. मी म्हटलं, एकदा शाळेतून सुटलो होतो, तू परत अडकवलंस.

आली ती सोळा वर्षांची. काटकुळी, आणि तोंडाला कुलूप नाही. मी तिला टकळी म्हणायचो. शाळा सुटली की ती थेट दुकानात यायची, त्या स्टुलावर बसायची, खिळे निवडायची आणि बोलायची. पहिल्याच आठवड्यात विचारलं, "काका, रेडिओ का बंद केलात?"

"माणूस गेलाय त्यातला. त्याच्यासमोर गाणी कशाला?"

तेव्हापासून कुणी तसा फोटो घेऊन पायरी चढलं की माझ्याआधी तिचा हात रेडिओकडे जायचा. तोंडावरून ओळखायची. माझ्यापेक्षा हुशार.

नाताळला सहा दिवस होते. दुपारी दुकानात फोन वाजला, तिच्या बापाचा. तो मला कधी फोन करायचा नाही.

म्हणाला, "भाऊसाहेब, पोरीची आई दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. आठवडा म्हणतात, फार तर दहा दिवस. तिने मला शपथ घातलीय, पोरीला कळवायचं नाही. म्हणते, लहानपणापासून त्या दिव्यांच्या झाडाचं वेड आहे तिला, बघू दे. मला काही सुचत नाही हो. तुम्ही तिला रोज बघता. तुम्हीच ठरवा. पाठवलीत तर शपथ मीच मोडली असं समजेन, तुम्हाला दोष नाही."

ऐकलंस? तुम्हीच ठरवा, म्हणाला. विमानाने दीड दिवसाची वाट होती.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती, तिचे हात परातीतच थांबले.

"आत्ता सांगा तिला," म्हणाली.

"आईची शपथ आहे."

"शपथ तिच्या आईची, आणि सोय तुमची."

मी म्हटलं, तुला कशी आली भलती शंका. पण तिने दुखरी जागा बरोबर पकडली होती. माळ्यावरून खोकी उतरवली होती, टकळी शिडीवर चढून झाडाला दिवे लावत होती, वर चांदणी नीट बसेना म्हणून मलाच शिव्या देत होती. वीस वर्षांनी घरात आवाज होता. मी मनात म्हटलं, सहा दिवस. सहा दिवसांनी आभाळ कोसळणार नाही. कोसळणार असतं तर त्या बापाने स्वतःच सांगितलं असतं. माणूस स्वतःला फसवतो ना, तेव्हा वकिलाच्या वर बोलतो.

बायको दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्यांदा मीच तिचा हात धरला. ते पाप माझं, तिचं नाही.

नाताळच्या दोन दिवस आधी टकळी दुकानात आली ती एक फोटो घेऊन. तिच्या आईचा. दारात उभी, ऊन डोळ्यावर आलेलं म्हणून कपाळाला हात लावलेला, आणि हसतेय. म्हणाली, "काका, ही माझी भेट आईला. सोनेरी पट्टी लावायची. लग्नातली असते ना, तसली."

"सोनेरी जरा भडक दिसेल."

"आईला भडकच आवडतं. तुम्ही करा हो, वाद घालू नका."

मी पट्टी कापली. चार कोपरे जुळवले. काच पुसायला घेतली आणि फोटो समोर ठेवला. रेडिओवर नाताळची गाणी लागली होती. माझा हात गेला आणि मी रेडिओ बंद केला.

मला कळलंच नाही. देवाशप्पथ कळलं नाही. दुकान गप्प झालं तेव्हा कळलं.

टकळीच्या हातात खिळे होते. तिने वर बघितलं. "काका, रेडिओ का बंद केलात?"

तेच शब्द. पहिल्या आठवड्यातले.

बघ, तिची आई तेव्हा जिवंत होती. श्वास चालू होता बाईचा. तेव्हा सांगितलं असतं तर तिसऱ्या दिवशी पोर तिच्या उशाशी असती. आणि मी म्हणालो, "आठवडाभर तीच गाणी. कान किटले माझे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "म्हातारे झालात तुम्ही," म्हणाली आणि उठून तिनेच रेडिओ लावला. मी तिच्या आईवर काच बसवली, गाण्याच्या तालावर.

पोस्ट सणापुरतं बंद झालं होतं. फ्रेम कागदात गुंडाळून झाडाखाली ठेवली. नंतर पाठवू म्हटलं.

नाताळच्या दिवशी ती पहाटेपासून घरभर नाचत होती. बायकोने तिच्यासाठी लाल स्वेटर विणला होता, बाह्या वीतभर लांब. तो तसाच घालून तिने बापाच्या मोबाइलवर फोन लावला. बाप म्हणाला, आईचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मना केलंय, तू बोल, ती ऐकते. मग ही सुटली. झाड केवढं, दिवे किती, काकूचा केक एका बाजूने करपला, काकांनी गाणं म्हटलं आणि शेजारचं कुत्रं रडायला लागलं. पाच मिनिटं एकटी बोलत होती. मधेच थांबली.

"बाबा, आईला एवढा दम का लागलाय?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. टकळी आमच्याकडे वळून म्हणाली, "जिना चढून आलीय म्हणे." आणि परत बोलायला लागली. बायको उठून मोरीत गेली आणि तिने नळ सोडला.

माझ्या हातात केकची बशी होती. तोंड उघडलं असतं तर तेव्हाही वेळ होती, निदान आई हा शब्द तिने नीट उच्चारला असता, निरोपासारखा. मी केक खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बाई गेली.

सांगितलं बायकोने. पोर रडली नाही. लाल स्वेटरच्या बाह्या मुठीत धरून उभी होती. मला विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

म्हटलं, "सात दिवस."

तिने बोटावर काही मोजलं नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "रेडिओ."

एवढाच एक शब्द. विमानतळापर्यंत अडीच तास गाडीत माझ्या शेजारी बसली, त्या टकळीच्या तोंडून आवाज आला नाही. उतरताना बायकोच्या गळ्यात पडली. माझ्याकडे बघून मान हलवली, अनोळखी माणसाला रस्ता विचारल्यावर हलवतात तशी. घरी आलो तर फ्रेम तिच्या पलंगावर, पालथी. स्वेटर घडी करून त्यावर.

नऊ वर्षं झाली. बायको झाड लावत नाही. मी विचारत नाही. बायको मला बोलली असती तर बरं झालं असतं, चार शिव्या दिल्या असत्या तर अंग हलकं झालं असतं. तिने परत तो विषयच काढला नाही. रेडिओ मी भंगारात दिला. आता कुणाचाही फोटो येवो, दुकान गप्पच असतं. गिऱ्हाईकं म्हणतात, काका, तुमच्याकडे कसं शांत वाटतं.

फ्रेम दोनदा पोस्टाने पाठवली. दोनदा तशीच परत आली, दोरासुद्धा सोडलेला नाही. पत्ता बरोबर आहे, पाकिटावर नकाराची सही तिचीच आहे. अक्षर ओळखतो मी तिचं. दुकानाच्या दारावरची पाटी तिनेच लिहिली आहे ना.

तुझा गोंद वाळला बघ. धर. आईवडिलांचा आहे ना फोटो? दोघं आहेत ना? बरं. फोन करत जा, आणि आई गप्प राहिली तर विचार का.

आता हा दुसरा पुडाही घे. तू चाललास त्याच गावचा पत्ता आहे, मागे लिहिलाय. तिच्याच हातात दे, ती नसली तर बापाच्या. माझ्या वतीने माफीबिफी काही मागू नकोस, ती मागायला तोंड लागतं. दार लावून घेतलं तर उंबऱ्याशी ठेव आणि नीघ. फक्त एवढं कर बाबा, परत आणू नकोस.