रश्मीचं कार्ड

तेजलने गळ्यातलं कार्ड दाराजवळच्या यंत्राला टेकवलं. टुक् असा आवाज झाला, काचेवर ‘वेलकम, रश्मी’ उमटलं आणि दार उघडलं.

पहिल्या दिवशी तिला याचं हसू आलं होतं. मुलुंडच्या त्या कंपनीत नवीन कार्ड मिळायचं ते सहा महिन्यांनी, कन्फर्म झाल्यावर. तोवर आधीच्या मुलीचंच वापरायचं. कार्डावरचा फोटो इतक्या अंगठ्यांनी पुसला गेला होता, की केस आणि एक कान तेवढा उरला होता. कॉम्प्युटरवरही नाव रश्मीचंच, म्हणून सगळे तिला रश्मी म्हणायचे. एम.कॉम. झाल्यापासून दोन वर्षांत तीन ठिकाणी नारळ मिळालेल्या पोरीने नावावरून कशाला भांडावं? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तेजलला होती, पण ऑफिसला येताना ती घरी ठेवून यायची.

टेबलाच्या खणातल्या केसांच्या क्लिपा पाहिल्या, की मात्र ती खण पटकन लोटून द्यायची. पाच क्लिपा होत्या, पाच तऱ्हेच्या. एकही तिची नव्हती.

“ही खरी रश्मी कोण रे?” शेजारच्या टेबलावरच्या सुयोगला तिने एकदा विचारलं.

“काय माहीत यार. मी आलो तेव्हा एक होती. मग दुसरी आली.”

“आणि तू? तुझं खरं नाव सुयोगच ना?”

तो हसला. मान खाली घालून त्याने आधी गळ्यातलं कार्ड पाहिलं.

“हो ना,” तो म्हणाला.

त्या दिवशी तेजलला डबा गेला नाही.

सहा महिने भरले त्या दुपारी निधी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बाहेरच्या बाकावर एक मुलगी फोल्डर छातीशी धरून बसली होती. तेजलही अशीच बसली होती, त्याच बाकावर.

“अभिनंदन. जागा पक्की झाली.” मॅडमनी पत्र पुढे सरकवलं. ते रश्मीच्या नावाचं होतं.

“मॅडम, पण माझं नाव...”

“मंजूर जागा रश्मीची आहे ना. तुझ्या नावाची जागाच नाही इथे. नको असेल तर सांग.” मॅडमची नजर काचेतून बाकाकडे गेली.

तेजलला रडू फुटायचं बाकी होतं. पण भांडुपला आईने सकाळीच खिरीसाठी दूध आणून ठेवलं होतं. तिने सही केली. रश्मीची सही ती पहिल्यांदाच करत होती, तरी हात कुठे अडखळला नाही.

घरी आईने पत्राचं पाकीट न उघडताच बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवलं, हात जोडले, डोळे पुसले. तेजल मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

बाहेर आई कुणाला तरी हाका मारत होती.

“तेजल... अगं ए तेजल!”

आपल्या चाळीत ही तेजल कोण आली, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिने पुन्हा तांब्या भरून घेतला.

मग हाका थांबल्या. पाकीट उघडल्याचा, कागद उलगडल्याचा आवाज आला. आईला इंग्रजी नावं वाचता यायची, अडत अडत का होईना. मग कागदाची पुन्हा घडी घातल्याचा आवाज आला.

“रश्मी,” आई दबकत म्हणाली, “खीर निवतेय गं.”

“आले आई,” ती म्हणाली, आणि तोंड पुसत बाहेर आली.