डाव्या इंजिनाचं झाकण

प्लास्टिकचे तुकडे जोडून करायच्या विमानाचा डबा घ्यायचा असेल तर आधी मला विचारा. मी चार देशांच्या चार कंपन्यांचे डबे घेतलेत, चारी एकाच विमानाचे, एकाच मापाचे. खऱ्या विमानाचा बहात्तरावा हिस्सा. यूट्यूबवरची पोरं डबा फोडायच्या आधीच ‘एक नंबर’ म्हणून मोकळी होतात. त्यांच्या बापाचं काय जातंय! मी एकेक तुकडा कॅलिपर लावून मोजलाय.

पण हे मी हौसेने केलं नाय. ते आधीच सांगतो, नायतर तुमी कौतुक करत बसाल.

मी मंगेश. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या आधी सतरा वर्षं मुंबईत विमानाचा मेकॅनिक होतो, एका खाजगी कंपनीत. तिच्याकडे तीन छोटी विमानं, दोन इंजिनांची, आठ माणसांची. सहा वर्षांपूर्वी जूनमध्ये त्यातलं एक सकाळी उडालं आणि अर्ध्या तासात डोंगरात पडलं. प्रवासी नव्हते. दोन वैमानिक गेले. त्या सकाळी डाव्या इंजिनाचं झाकण मी बंद केलं होतं.

त्या झाकणाला पाच खटके. बोटाने दाबला की टक करून बसतो. एक जरी राहिला तर झाकण वाऱ्याने उचकटू शकतं, आणि मग काय वाट्टेल ते होऊ शकतं. मला चार खटके आठवत होते. पाचवा आठवत नव्हता. लावला असेल. सतरा वर्षांची सवय, हात आपोआप जातो. पण ‘लावला असेल’ आणि ‘लावला’ यांच्या मधे दोन माणसं मेलेली होती.

चौकशीवाल्यांनी खराब हवामान असं लिहिलं. डावं इंजिन जळून गोळा झालं होतं, खटके सापडलेच नायत. माझ्यावर कोणी बोट ठेवलं नाय. वर्षभरात कंपनी बंद पडली, मी घरी आलो, आणि तेव्हापासून मला काय होईनासंच झालं. दुखेना, हसू येईना. कालवणात मीठ नसलं तरी कळेना. बाप गेला तेव्हा खांदा दिला, सगळं रीतसर केलं, पण डोळ्यातून टिपूस नाय. भावकी म्हणाली, मंगेशचा दगड झाला. मी म्हटलं, बरं.

माझी बायको वर्षा तेवढी रोज सांगायची, "अवो, तुमी लावलाच असेल. तुमच्या हातून अशी चूक व्हायची नाय." सहा वर्षं, एक दिवस चुकवला नाय. कधी माझं डोकं फिरायचं. "तू होतीस का तिथं?" म्हणून ओरडायचो. ती तव्यावरची भाकरी उलटायची आणि परत तेच सांगायची.

डब्यांचं खूळ आलं ते अपेक्षामुळे. माझी लेक, कल्याणला कॉलेजात आहे. मोबाइलवर काहीतरी बघता बघता म्हणाली, "बाबा, हे तुमचंच विमान ना? याचं किट मिळतं." मी बघितलं. डाव्या इंजिनावर झाकणाची रेघसुद्धा होती. मला वाटलं, डोकं विसरलं असेल, पण हात विसरले नसतील. तेच झाकण परत हातात दिलं तर तेच सांगतील, पाचवा लावला की नाय. येडेपणा आहे ना? मलापण वाटला. तरी वर्षाला सांगून मागवला.

पहिला आला तो इंग्लंडचा, सगळ्यात स्वस्त. डब्यावरचं चित्र असं झकास की भिंतीला लावावं. आतला साचा मात्र माझ्या वयाचा. पत्र्याच्या रेघा खोल असायला हव्यात, याच्या वर आलेल्या, पित्ताच्या गांधी उठल्यासारख्या. पोटाचे दोन भाग जोडले तर मधून पोस्टकार्ड जाईल. पुट्टी भरा, घासा, परत पुट्टी भरा. पण किमतीच्या मानाने शिव्या देण्यासारखा नाय. शिकणाऱ्याने हाच घ्यावा, बिघडला तर जीव जळत नाय. माझ्या कामाचा नव्हता. झाकणाच्या जागी नुसता चौकोन, खटका एकपण नाय.

मग चीनचा घेतला. पैसे दुप्पट, भाग तिप्पट. रेघा ब्लेडने मारल्यासारख्या बारीक, आत वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टेसुद्धा दिलेले. पैसे वसूल, यात वादच नाय. फक्त खटके चार होते, आणि तेपण वरच्या कडेला. आमच्या विमानाला खालच्या कडेला असायचे. मी दुकानात बसून मोठ्याने शिव्या घातल्या. गिऱ्हाईक आलं होतं, लडकू, मुरबाडकडचा, खांद्यावर पाणबुडी पंप.

"मंगेशदादा, कोणाला रे शिव्या घालतोस?"

"चीनला."

"घाल, घाल. माझ्याकडून पण दोन घाल," तो म्हणाला. "पण पंप आज होईल ना?"

पंप त्याच दिवशी करून दिला.

जपानच्या डब्याबद्दल काय सांगू! तुकडा तुकड्याजवळ नेला की आपणहून बसतो, गोंद नुसता नावाला. चुकायची सोयच ठेवलेली नाय. मला कोणी विचारलं की सगळ्यात चांगला कुठला, तर हा, डोळे झाकून. महाग आहे, पण रुपया न् रुपया दिसतो. खटके पाच, खालच्या कडेला, एकमेकांतलं अंतरसुद्धा मापात. पण झाकण इंजिनासकट एकाच तुकड्यात ओतलेलं. पाची खटके तिकडून लागूनच आलेले. माझ्या हाताला कामच ठेवलं नव्हतं. दोन दिवसांत विमान तयार झालं, देखणं झालं, आणि मला काय वाटलं नाय. वर्षाने ते टीव्हीशेजारी ठेवलं. पाहुणे आले की दाखवते.

चौथा चेक देशातला. किंमत सांगत नाय, वर्षाला अजून माहीत नाय. उघडला आणि म्हटलं, मेलो! प्लास्टिक जाड, कडा ओबडधोबड, तुकडे जुळवायला खुंट्यासुद्धा नायत. प्रत्येक भाग घासायचा, लावून बघायचा, परत घासायचा. नुसते पंख बसवायला मला दोन रविवार लागले. नवीन माणसाने या डब्याच्या वाटेला जाऊ नये. पण ज्याने कोणी तो केला, त्याने आमचं विमान हात लावून बघितलेलं होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. झाकण वेगळं दिलं होतं. आणि पितळेच्या पातळ पत्र्यात कापलेले खटके, एकेक तिळाएवढा, चिमट्याने उचलून बसवायचे. मोजून पाच.

झाकण लावायचा दिवस गेल्या रविवारी आला. दुपारी जेवणं झाल्यावर पडवीत बसलो. वर्षा समोर सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"आज झाकण ना?" तिने विचारलं.

"हां."

 तिचा हात सुपातच थांबला.

खरं झाकण लावताना आपण शिडीवर उभे असतो. डाव्या हाताने झाकण दाबून धरायचं, उजव्याने खटके. मी ते एवढंसं विमान तसंच डाव्या हातात धरलं. पहिला खटका बसवला. तोंडाने टक केलं, मुद्दाम नाय, झालं आपोआप. दुसरा. टक. खऱ्या विमानाचा तिसरा नेहमी कडक असायचा, त्याला अंगठा लावावा लागे. इथे गरज नव्हती, तरी माझा अंगठा वळला. तेव्हाच मला कळलं की हातांना सगळं माहीत आहे. चौथा. टक.

आणि माझा उजवा हात चिमटा टाकून खिशाकडे गेला.

मी लुंगीवर होतो. खिसा नव्हताच. हात मांडीवर खिसा शोधत राहिला, आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो.

त्या सकाळी चौथ्यानंतर मोबाइल वाजला होता. मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा असा नियम होता, पण कोण पाळतं! शिडीवर उभ्या उभ्या मी फोन घेतला. वर्षाचा होता, शहापूरच्या बाजारातून. मागे कोणीतरी भाव ओरडत होतं. "अवो, पावसाळ्याला बोंबील घेऊ का जवळा?" मी म्हटलं, "दोन्ही घे." ती म्हणाली, "बोंबील लय महाग केलेत." मी म्हटलं, "घे गो, एवढ्याशासाठी फोन करतेस?" आमी दोघं हसलो. मी फोन खिशात टाकला. झाकण जागेवर नीट बसलेलं दिसत होतं. शिडी उचलली आणि उजव्या इंजिनाकडे गेलो.

पाचवा मी लावला नाय.

छातीत अशी कळ आली की मी विमान खाली ठेवलं. इतक्या वर्षांनी मला काहीतरी दुखलं.

"आठवलं का वो?" वर्षाने विचारलं.

तिला तो फोन आठवत नव्हता. कशाला आठवेल? रोज असले चार फोन करायची. तिने काय केलं होतं? बोंबील का जवळा, एवढंच विचारलं होतं. चूक माझी होती. फोन मी घेतला, झाकण मी सोडलं. पण मी तिला ओळखतो. खरं सांगितलं असतं तर तिने त्या दोन माणसांचं मरण त्याच दुपारी आपल्या माथ्यावर घेतलं असतं. आणि मी रोज तिला सांगत बसलो असतो की तुझी चूक नाय, आणि तिने ऐकलं नसतं. मी कुठं ऐकलं होतं?

"आठवलं," मी म्हटलं. "पाची लावले होते."

"खरं?"

"खरं. पाचवा जरा सैल होता. दोनदा दाबला."

तिने सूप बाजूला सारलं, पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडायला लागली. "मी सांगत नव्हते? सांगत नव्हते मी?" मग थोडी थांबून, खाली बघत म्हणाली, "अवो, माझं पण मन खायचं कधी कधी. तुमाला कधी दिसू दिलं नाय."

मी मान हलवली. 

ती सरकत जवळ आली. डोळे पुसून म्हणाली, "दाखवा ना, कसा लावतात तो."

मी चिमटा उचलला. पितळेच्या पत्र्यात शेवटचा खटका उरला होता. तो सोडवला, गोंदाचा थेंब लावला, तिच्या डोळ्यांदेखत जागेवर ठेवला आणि बोटाने दाबला. परत दाबला.

"असा," मी म्हटलं, आणि माझा आवाजच फुटला. बाप गेला तेव्हा आलं नव्हतं ते रडू आलं, पोटातून, थांबवता येईना.

वर्षा माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "रडा," ती म्हणाली, "रडा पोटभर. सुटलात एकदाचे."