खिशातला कान

मी ऐकण्याचं यंत्र बोलतोय. हसू नका. बोलणं माझं काम नाही, हे मलाही ठाऊक आहे. कानामागे बसायचं आणि बाहेरचा आवाज मोठा करून आत सोडायचा, एवढंच माझं काम. पण तीन महिने मला खिशात कोंडून ठेवलं होतं, आणि कोंडलेला बाहेर आला की बोलतोच. एक आधीच सांगतो, मी स्वभावाने संशयी आहे. ज्याचं घरच कुणाच्या तरी कानामागे, त्याने दुसरं काय व्हावं?

माझा जन्म कारखान्यातला. तिथे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला एका पेटीत ठेवून नुसते पी-पी आवाज ऐकवले. सगळे स्वच्छ, कुणाच्याही पोटात काही नाही. मला वाटलं, जग असंच असेल. मग मी माणसांत आलो.

कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मालकांची माझी पहिली भेट झाली. सोबत मालकीणबाई होत्या.

"त्रास किती दिवसांपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन तास पुरे," मालक ठामपणे म्हणाले. "त्याच्यावर सिनेमा गेला की समजावं, दिग्दर्शकाला कात्री सापडत नाहीये."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

मालक एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि चुका काढायच्या. निवृत्त झाले तरी सवय कुठे जाते? आता ते सिनेमांच्या चुका काढत. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी चार वाजता सिनेमा मंडळ भरायचं. चाळीस खुर्च्या, एक पांढरा पडदा, आणि प्रोजेक्टर चालवायला स्वतः ग्रंथपाल. दर महिन्याला मालक एक पानाचं पत्रक हाताने लिहून फलकावर लावत. मंडळात त्यांना सगळे 'लाल पेन' म्हणत आणि त्यांच्या मताला वचकून असत.

मतं तशी झणझणीत होती. "नव्या हिंदी सिनेमात नायक दाढी वाढवतो आणि बोलणं कमी करतो," असं ते लिहीत. "चालणं मंद केलं म्हणून माणूस मोठा होत नाही. धूर, ढोल, हातात कुऱ्हाड, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटणं. संवाद ऐकू येत नाहीत." हे शेवटचं वाक्य प्रत्येक पत्रकात असे.

आशियातल्या इतर सिनेमांची गोष्ट आली की पेन एकदम मऊ व्हायचं. कोरियातली माणसं जेवता जेवता भांडतात, पण एक शब्द वाया जात नाही. जपानी दिग्दर्शक रिकाम्या खोलीसमोर कॅमेरा ठेवतो आणि ती शांतता काळजाला हात घालते. त्या शांततेवर त्यांनी दोन परिच्छेद लिहिले होते.

वाचणाऱ्याला वाटावं, काय जाणकार माणूस! मला मात्र वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

कारण माझी अवस्था तुम्हाला सांगतो. शनिवारी निघताना मालकीणबाई दारात उभ्या राहून विचारत, "अहो, यंत्र लावलंत ना?" मालक मान वळवून मला दाखवत. जिन्याच्या पहिल्या वळणावर मला काढून सदऱ्याच्या खिशात टाकत. घाईत मला बंदही करत नसत. खिशात माझे शेजारी दोन, एक ते लाल पेन आणि एक घडी घातलेला रुमाल. रुमालावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. दिसायला मऊ, पण सारखा अंगावर रेलतो.

एकदा मालकीणबाईंनी मला खिशात पकडलं. तेव्हा मालक म्हणाले, "कानात हे दिसलं की लोक माझं मत विचारणार नाहीत. कान किती टक्के गेलाय ते विचारतील."

मग मी खिशातून कानोसा घेऊ लागलो. कोरियन विनोदी सिनेमा असला की मालक सगळ्यांच्या आधी हसत. पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी वाचण्यात त्यांचा हात कोण धरणार! ओळीतला चुकलेला स्वल्पविरामही त्यांना दिसे. हिंदी सिनेमा असला की मात्र ते सगळ्यांच्या नंतर हसत, आणि जरा बेतानेच. एकदा पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना खोकल्याची उबळ आली. त्यांचे खांदे हलले असणार, कारण आमचे मालक खदखदून हसले. पडद्यावर तेव्हा कुणीतरी मरत होतं.

मला सगळं कळलं. परभाषेच्या सिनेमात सगळेच बहिरे असतात, सगळेच वाचतात, तिथे मालक चारचौघांच्या बरोबरीचे होते. हिंदीत खाली ओळी नसत, तिथे ते एकटे पडत. चूक आपल्या कानात आहे असं मानण्यापेक्षा ती नटाच्या तोंडात आहे असं मानणं सोपं होतं. मला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर कीवही यायची.

संशयात मालक माझेही बाप होते. घरात कुणी हळू बोललं की त्यांना वाटे, आपल्याबद्दलच चाललंय. लेक गावाहून दोन दिवसांसाठी आली आणि मायलेकी स्वयंपाकघरात बोलत बसल्या, तेव्हा ते बाहेरून ओरडले, "काय कुजबुजताय? मला सगळं समजतं!"

समजलं काहीच नव्हतं. पण संशय खरा होता, कारण गोष्ट त्यांचीच चालली होती. खुंटीवरच्या सदऱ्यातून मी शब्द न् शब्द ऐकला.

लेक सिनेमाचे संवाद लिहिते. तिचा पहिला हिंदी सिनेमा या शनिवारी मंडळात लागणार होता.

"आई, मला भीती वाटते," ती म्हणाली. "बाबांनी आजवर एकाही हिंदी सिनेमाचे संवाद चांगले म्हटले नाहीत."

"तुझे म्हणतील की."

"त्यात एक वडील आहेत. ते बाबाच आहेत. मला समोर बसून बोलता आलं नाही, म्हणून मी लिहिलं. त्यांनी ते एकदा ऐकावं, बस्स. मग नावं ठेवली तरी चालतील."

मी खिशातल्या खिशात गार पडलो. त्या पोरीचं सगळं माझ्यावर अवलंबून होतं, आणि मी कुठे असणार हे मला माहीत होतं.

शनिवारी तसंच झालं. दारात मान वळवून दाखवली, जिन्याच्या वळणावर मी खिशात. लेक पुढे गेली होती, तिने पाहिलं नाही. सभागृहात ती मालकांच्या शेजारीच बसली. मालकीणबाई मागच्या रांगेत.

सिनेमा सुरू झाला. चांगला होता की वाईट, मी सांगणार नाही; मतं देणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत. तासाभराने जिन्यातला प्रसंग आला. बाप पाठमोरा बसून बुटांना पॉलिश करतोय, वरच्या पायरीवर मुलगी. ती हळू आवाजात बोलू लागली. मालकांना काही उमगेना, म्हणून नटीचे ओठ वाचायला ते पुढे वाकले. खिसा दबला, रुमाल माझ्या तोंडावर आला, आणि मी शिट्टी मारली.

आमच्या जातीला हा शापच आहे. तोंड दाबलं की शिट्टी वाजते, बारीक, लांबलचक, थांबता थांबत नाही. लोक चुळबुळले. "ही काय वेळ आहे का शिट्ट्या मारायची?" कुणीतरी म्हणालं. स्पीकर बिघडला असं समजून ग्रंथपालांनी घाईघाईने आवाज कमी केला. आता मुलीचे शब्द कुणालाच ऐकू येईनात, शिट्टी तेवढी सगळ्यांना. ऐकू येत नव्हती ती फक्त मालकांना. लोक वळून बघताहेत म्हणजे लेकीचं कौतुक करताहेत, असं वाटून त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

लेकीने पाहिलं. तिने सावकाश त्यांच्या खिशात हात घातला, मला बाहेर काढलं आणि माझ्या पोटाचं, बॅटरीवरचं झाकण उघडलं. झाकण उघडलं की मी मुका आणि बहिरा. पुढचा सिनेमा मी तिच्या मुठीत काढला.

झाकण पुन्हा लागलं तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

"लाल पेन काय म्हणतात?" ग्रंथपालांनी टाळ्यांच्या गलक्यात हातवारे करून विचारलं.

मालक उभे राहिले. "उत्तम! विशेषतः संवाद. फार नेमके."

दोन वर्षांत त्यांनी हिंदी सिनेमाला चांगलं म्हटलं नव्हतं. पुन्हा टाळ्या पडल्या. लेकीने टाळी वाजवली नाही.

"कोणता संवाद, बाबा?"

"हो हो, सगळ्यांनी पाहावा असाच आहे," मालक म्हणाले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. लेकीच्या मुठीला घाम सुटला होता. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर त्यांची अब्रू काढणार. ती उठली, मला त्यांच्या कानामागे नीट बसवलं, नळी आत सारली आणि हळू आवाजात पुन्हा विचारलं, "कोणता संवाद आवडला, बाबा?"

आता मी त्यांच्या कानात होतो. त्यांनी गिळलेला आवंढासुद्धा मला ऐकू आला. थाप मारायला ठेवणीतली वाक्यं त्यांच्याकडे डझनभर होती.

"एकही नाही," ते म्हणाले. "मी ऐकलाच नाही गं. नुसता पाहिला."

मग तेच म्हणाले, "ग्रंथपाल, तो जिन्यातला प्रसंग पुन्हा लावता का? आवाज मोठा करा जरा."

प्रसंग पुन्हा लागला. मुलीचं हिंदी मी मराठीत सांगतो. ती बापाच्या पाठीला म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला रोज तीन हाका मारते. तिसरीला तुम्ही वळता आणि म्हणता, ओरडतेस कशाला. पहिल्या दोन कुठे जातात हो?"

मालकांचा हात माझ्याकडे आला. मला वाटलं, आता काढून फेकणार. त्यांनी मला आणखी आत दाबून बसवलं.

"असं म्हणतो मी?" त्यांनी विचारलं.

"रोज," मागून मालकीणबाई म्हणाल्या.

लेक रडत होती, आणि तेही त्यांना ऐकू येत होतं.

आता मी सकाळपासून कानामागे असतो. मालक जुने सिनेमे पुन्हा बघताहेत. त्या जपानी रिकाम्या खोलीत सगळा वेळ नळ ठिबकत होता म्हणे. खालच्या ओळीत कुणी लिहिलंच नव्हतं. हिंदीतले अर्धेअधिक नट खरोखरच पुटपुटतात, हे मात्र आता पुराव्यानिशी सिद्ध झालंय आणि मालक खूश आहेत. माझा संशय अजून गेलेला नाही. मालकीणबाईंनी कामाची यादी सुरू केली की माझ्या पोटाचं झाकण कसं काय उघडतं, याचा मी तपास करतोय.

तुमच्या घरात कुणी म्हणालं, "हल्ली कुणी नीट बोलतच नाही," तर बिचाऱ्यांशी वाद घालू नका. माझा एखादा भाऊबंद त्यांच्या खिशात नाही ना, एवढं बघा. असलाच तर त्याला वर काढा. आम्हाला अंधाराची नाही, रुमालाची भीती वाटते.

येतो मी. वाचनालयात गेलात तर फलक बघा. त्या शनिवारनंतर मालकांनी लावलेलं पत्रक अजून कुणी काढलेलं नाही. त्यात परीक्षण नाही, लाल शाईत एवढंच आहे:

"शुद्धिपत्र. गेल्या दोन वर्षांच्या पत्रकांत जिथे जिथे 'संवाद ऐकू येत नाहीत' असे लिहिले आहे, तिथे 'मला ऐकू येत नाही' असे वाचावे."