उतू गेलेली जमीन

स्वामींनी कलश कलंडवला आणि चौदा नंबरच्या प्लॉटची माती उतू गेली. आधी सुरसुर, मग पांढराशुभ्र फेस. म्हैसूरबाहेर येलवालजवळ प्लॉट पाडलेल्या या लेआउटमध्ये रविवारी सकाळी जमलेल्या गर्दीने हात जोडले. "उक्कितु, उक्कितु, उतू गेलं," बायका पुटपुटल्या. म्हैसुरात नव्या घरात दूध उतू गेलं की लक्ष्मी आली म्हणतात. इथे तर घर बांधण्याआधी जमीनच उतू जात होती. गॅसही लागला नाही.

मृत्तिकानंद स्वामींनी डोळे मिटले. "भूतायीला, या भूमातेला पान्हा फुटला. जिथे फेस, तिथे लक्ष्मीचा वास. ज्याच्या नशिबात असेल त्याने प्लॉट आजच घ्यावा. उद्या पान्हा आटेल."

त्याआधी चढावरच्या तांबड्या मातीवरही तीर्थ पडलं होतं. तिथे काहीच झालं नाही. "ही भूमी झोपलीय," स्वामींनी सांगितलं, आणि लोक चढ सोडून खालच्या काळ्या जमिनीकडे धावले. लेआउटचा मालक शरत शांत उभा होता. वर्षभर कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या भागाचा भाव सकाळपासून चढत होता.

सरस्वतीपुरमचे दिगंबरराव, बँकेतून निवृत्त, खिशातलं पेन काढून तयार होते. जन्म भाड्याच्या घरात गेला. साठवलेलं सगळं आता या एका प्लॉटमध्ये घालायचं ठरलं होतं. "सिंधू, चौदा नंबरच घेऊया. अल्वा, हो ना?"

सिंधूताईंनी शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात हयात घालवली होती. त्या वाकून माती कुसकरत होत्या; चढावरची मूठभर तांबडी माती आधीच पिशवीत घेतली होती, आता ही काळीही घेतली. "अहो, शेजारच्या प्लॉटची कंपाउंडची भिंत बघा. नवी आहे, आणि मधोमध फाटलीय."

"गवंडी वाईट मिळाला असेल. तू सुम्ने, उगाच काही काढू नकोस. लोक बघतायत."

करारासाठी सगळे शरतच्या ऑफिसपाशी आले. संगमरवरी पायरीवर चपलांचा ढीग पडला. आशीर्वाद द्यायला स्वामी कलशासह तिथेच उभे होते. सिंधूताईंनी पदर सावरून उजव्या तळहाताचा खळगा पुढे केला, देवळात करतात तसा.

"तीर्थ द्या स्वामी. प्यायल्याशिवाय सही कशी करायची?"

स्वामींनी कलश छातीशी ओढला. "हे भूमीचं तीर्थ आहे, अम्मा. माणसांचं नव्हे."

"घोटभरच."

"नको म्हणतो ना."

स्वामी मागे सरले, कलश हिंदकळला आणि धार पायरीवर सांडली. पायरी सुरसुरली, फेसाने भरली. चपलांपाशी पान्हा फुटला.

 मग मागून एकाने विचारलं, "शरतण्णा, ही पायरी केवढ्याला?"

"चंदनाच्या वासाखाली संडास धुवायच्या ॲसिडचा वास येतोय," सिंधूताई म्हणाल्या. "संगमरवर चुनखडीच्याच जातीचा. ॲसिड पडलं की फेसाळणार. चौदा नंबरच्या मातीत हे पांढरे खडे आहेत ना, तेही चुनखडीचे. वरच्या तांबड्या मातीत ते नाहीत, म्हणून ती झोपली."

"मग चुनखडी वाईट?" दिगंबररावांनी विचारलं.

"फेस शुभ नाही आणि अशुभही नाही. बघायचं ते हे." त्यांनी पिशवीतली काळी माती पाण्याने ओली करून तिची दोरी वळली, बोटाभोवती तिची अंगठी केली. तुटली नाही. तांबडी मातीही तशीच ओली केली, ती वळता वळताच सुटली. "ही चिकणमाती. पावसात फुगते, उन्हात आकसते. वरचं घर तिच्याबरोबर उठतं-बसतं. ती भिंत म्हणूनच फाटली. तसा खास पाया घातला नाही, तर आपलंही घर तसंच फाटेल. शिवाय जागा सखल. सगळ्या लेआउटचं पाणी इथेच येणार."

दिगंबररावांनी पेनाला टोपण लावलं. स्वामी तोवर गाडीत बसले होते. तीर्थाचा प्लास्टिकचा कॅन मागेच राहिला.

गर्दीने आता चढाकडे तोंड वळवलं. एक बाई सिंधूताईंजवळ आली. "टीचर, आमच्यासाठी एखाद्या प्लॉटला तुम्ही हात लावून द्या. तुम्ही म्हणाल तो घेतो."

"माझ्या हाताने काय होणार? खड्डा खणा. वर तांबडी दिसते, खाली काय आहे ते बघा. माती तपासायला द्या. शेजाऱ्यांच्या भिंती बघा. पावसात येऊन पाणी कुठे साचतं ते बघा. मग सही करा."

"आणि तोवर जागा गेली तर?" दिगंबरराव म्हणाले.

"जाऊ द्या. जमीन पळत नाही हो. पळाले ते स्वामी."

दिगंबररावांनी शरतकडे फावडं मागितलं. लेआउट उघडल्यापासून ते कुणीच मागितलं नव्हतं. शोधायला बराच वेळ लागला.