साखरचा सोमवार

जरा कल्पना करून पाहा, मुलांनो. तुम्ही वर्गात बसला आहात आणि पोटात कळ आली. तुम्ही बोट वर करता, परसाकडे जाऊन येता आणि पुन्हा पाढे म्हणायला लागता. पोटाने तुम्हाला आधी सांगितलं, म्हणून हे जमलं. आता अशी कल्पना करा, की पोट कधी सांगतच नाही. पहिल्यांदा वास येतो, आणि तोही शेजारच्याला. असं रोज.

जळोची गावच्या साखर नावाच्या मुलीचं असंच होतं. जन्मली तेव्हा तिला शौचाची वाटच नव्हती. दुसऱ्या दिवशी पोट टणक फुगलं, तेव्हा सुईणीच्या ध्यानात आलं. वडील, हिंदुराव, भाजीच्या ट्रकात बसून तिला पुण्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी कापून वाट केली, जीव वाचवला. पण पानतंबाखूच्या चंचीला नुसतं तोंड असून भागत नाही, ते आवळायला नाडी लागते. ती नाडी त्या काळी डॉक्टरांनाही देता आली नाही.

आई, कुशाबाई, जुन्या लुगड्याच्या घड्या करून द्यायची. साखर परकराखाली त्या बांधायची आणि दुपारी कालव्यावर एकटी धुवायची. वर्गातल्या मुली म्हणायच्या, "बाकीच्यांच्या साखरंला मुंग्या लागत्यात, आमच्या साखरंला माश्या." मग सगळ्या हसायच्या. पहिल्या वर्षी साखरही त्यांच्याबरोबर हसली होती. पुढे तिला ते जमेना.

एकोणीसशे पंचावन्न साली ती सातवीत होती. सातवीची फायनल पास झालेल्या मुलीला तेव्हा शाळेत शिकवायची नोकरी मिळे. कुशाबाईने तिला एकदाच सांगितलं होतं, "तुझं लगीन व्हायचं न्हाय, पोरी. मास्तरीण झालीस तर कुणाच्या दारात बसायला नको. पर तुझा बाप परीक्षेला एकदाच बसू देणार हाय. नापास झालीस की शाळा बंद."

परीक्षा इंदापूरला होती. पहिला पेपर मंगळवारी, गणिताचा, तीन तासांचा. तीन तास कोरडं कसं बसायचं, यावर साखरने एकच तोड काढली होती. पोटात काही गेलंच नाही, तर बाहेर काय येणार? पण वाढीच्या पोरीला उपाशी कोण राहू देईल? म्हणून ती महिनोन्महिने आधीपासून उपास धरायला लागली. रविवार खंडोबाचा, सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा. शाबूदाण्याची वाटी गुपचूप कोंबड्यांपुढे ओतायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "काय देवाची पोर हाय." ती वाळत चालली होती, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. कुशाबाईला सगळं कळत होतं. पण दुसरं सांगायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

सोमवारी दुपारी हिंदुरावांनी साखरला इंदापुरात आत्याकडे, रंगूबाईकडे, सोडलं. निघताना आईने बजावलं होतं, "आत्याला एक शब्द बोलायचा न्हाय. तुझ्या धाकट्या भनीचं लगीन व्हायचं हाय अजून." साखरने दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

दिवे लागले तशी रंगूबाईने पाट मांडला. ताटात भात, गुळाचा शिरा, वांग्याची भाजी, भाकरी.

"चल, उपास सोड."

"माझा कडक हाय, आत्या. मी उद्या पेपर झाल्यावर सोडते."

"उद्या? सोमवार सोमवारीच सुटतो. मंगळवारात नेलास तर महादेवाला काय तोंड दाखवशील? आन परीक्षा त्यालाच पास करायची हाय न्हवं?"

"भूक न्हाय, आत्या."

"भूक न्हाय म्हणं. तोंड बघ, वाळल्या कारल्यावानी झालंय. माझ्या घरात सोमवार मोडलास तर पाप मला लागंल, तुला न्हाय." आणि रंगूबाईने स्वतःच्या हाताने पहिला घास तिच्या तोंडात घातला.

नाही म्हणायला एकच खरं कारण होतं, आणि तेच सांगायची बंदी होती. साखर जेवली. खरं सांगायचं तर तिला ते फार गोड लागलं. दोन भाकऱ्या खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आत्याला वाटलं, भाजी तिखट झाली.

मंगळवारी चौथं गणित चालू असताना तिला मांडीशी ऊब लागली. घडी भिजली, मग परकर. ती हलली नाही. मागची मुलगी कुजबुजली, "काय मेलंय का हितं?" दुसरीने बाक सरकवला. मग रांगच्या रांग नाक दाबून मागे झाली, आणि मधे साखर एकटी उरली.

पर्यवेक्षक सर्जेराव गुरुजी जवळ आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज खाली घेतला. "पोट बिघडलंय का, पोरी? जा घरी. बाहेर गेलेल्याला पुन्हा बसवता येत न्हाय, पर घाबरू नको. पुढच्या साली बस."

पुढच्या साली. साखरला वाटलं, जमिनीने आपल्याला आताच्या आता गिळावं. जमीन तशीच होती.

ती उठली. परकरावरचा डाग सगळ्यांना दिसला.

"गुरुजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "पोट बिघडलेलं न्हाय. मला जन्मापासनं हे असंच हाय. पुढच्या साली बी असंच असंल."

मग तिने पाटी, कागद आणि दौत-टाक उचलला. दाराकडे गेली नाही. गुरुजींच्या खुर्चीसमोरच्या खिडकीखाली, जिथून वारा बाहेर जात होता, तिथे फरशीवर मांडी घातली, कागद पाटीवर ठेवला, आणि गुरुजी काय म्हणतात याची वाट न बघता चौथं गणित पुढे सोडवायला लागली.